न तुटणाऱ्या रेघेची रांगोळी: ठिपके, मसावि आणि अदृश्य भिंती

ठिपक्यांच्या रांगोळीची दोन घराणी आहेत. एकात ठिपके रेघांनी जोडले जातात: फूल, कासव, पणती, मोर. महाराष्ट्रातल्या अंगणात बहुधा हीच दिसते. दुसऱ्यात रेघ ठिपक्याला शिवतही नाही, त्याच्याभोवती वळसे घेत फिरते आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. तमिळनाडूत या प्रकाराला सिक्कु कोलम म्हणतात. सिक्कु म्हणजे गुंता.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा. तो काढणाऱ्यांची नेहमीची तक्रार एकच असते: ठिपके नीट पडले, वळणं जमली, पण रेघ निम्म्या रांगोळीतच बंद झाली आणि उरलेल्या ठिपक्यांसाठी दुसरी सुरू करावी लागली. यात हाताचा दोष नसतो. रांगोळी किती रेघांत पूर्ण होणार हे ठिपक्यांच्या ओळी मोजल्या की चिमूटभर पूड सांडायच्या आधीच सांगता येतं, आणि त्याला सहावी-सातवीतला मसावि पुरतो.

आधी वहीत

पहिले दोन-तीन नमुने जमिनीवर काढू नका. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि तीन-चार रंगांची स्केचपेनं घ्या.

समजा, ४ × ५ ठिपक्यांची रांगोळी हवी आहे: प्रत्येक आडव्या ओळीत ४ ठिपके, अशा ५ ओळी. वहीत ८ चौकटी रुंद आणि १० चौकटी उंच असा आयत आखा. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला २ × २ चौकटींचं घर येतं आणि ठिपका त्या घराच्या बरोबर मध्यावर, म्हणजे चार चौकटी मिळतात त्या कोपऱ्यावर पडतो. अशी २० घरं, २० ठिपके.

रेघेचे नियम तीन. रेघ नेहमी तिरपी, चौकटीच्या कर्णावरून जाते. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत दुसरी रेघ आडवी आली, तर तिला छेदून सरळ पुढे जायचं, वळायचं नाही. आयताची कड आली की मात्र वळायचं, कॅरमची सोंगटी कडेला आपटून फिरते तसं. बाकी सगळी नक्षी या तीन नियमांतून आपोआप येते.

कडेवरच्या वळणांना नावं देऊ. खालच्या कडेवर डावीकडून खा१ ते खा४, वरच्या कडेवर डावीकडून व१ ते व४, डाव्या कडेवर खालून डा१ ते डा५, उजव्या कडेवर खालून उ१ ते उ५. प्रत्येक खूण त्या-त्या ठिपक्याच्या घराच्या कडेच्या मध्यावर येते. खा१ पासून उजवीकडे वर निघा. रेघ या क्रमाने कडांना आपटली पाहिजे:

खा१ → उ४ → व३ → डा३ → खा३ → उ२ → व१ → डा५ → उ१ → खा४ → डा४ → व२ → उ३ → खा२ → डा२ → व४ → उ५ → डा१ → परत खा१.

अठरा वळणं, आणि अठराही खुणा एकेकदाच आल्या. आता तपासणी: आयतातल्या ८० छोट्या चौकटींपैकी प्रत्येकीत नेमका एक कर्ण हवा. एखादी चौकट कोरी राहिली किंवा एखादीत फुली पडली, तर कुठेतरी छेदाच्या जागी वळलात किंवा कडेला एक घर पुढे गेलात. चूक शोधायला शेवटापासून मागे येऊ नका. वरच्या क्रमातली कोणती खूण पहिल्यांदा चुकली तेवढं बघा, बिघाड तिच्या आधीच्या एका तिरप्या रेघेतच असतो.

छेदही मोजता येतात. शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये एक फट, प्रत्येक फटीत एक छेद. म × न ठिपक्यांसाठी २मन − म − न. इथे ४० − ९ = ३१.

मसावि कुठून आला

म × न ठिपक्यांच्या पूर्ण आयतात रेघांची संख्या म आणि न यांच्या मसाविइतकी असते. ४ आणि ५ चा मसावि १, म्हणून एकच रेघ. ३ × ३ ला तीन रेघा, ४ × ६ ला दोन, ६ × ९ ला तीन, ५ × ६ ला एक. ६ × ८ चा मोठा थाट मांडून बसलेल्याची रेघ अर्ध्यावर का बंद होते, ते यातच आलं.

कारण फार अवघड नाही. ठिपक्यांमधलं अंतर १ धरा. रेघ तिरपी जाते, म्हणजे जितकी आडवी सरकते तितकीच उभीही सरकते. आडव्या दिशेने ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊन परत यायला २म अंतर लागतं, उभ्या दिशेने २न. रेघ बंद व्हायची तर दोन्ही फेऱ्या एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात, म्हणजे प्रत्येक रेघेची आडवी चाल २म आणि २न यांचा लसावि, अर्थात म-न च्या लसाविची दुप्पट. आता एकूण आडवी चाल किती? ४मन छोट्या चौकटी, प्रत्येकीत अर्धं अंतर, म्हणजे २मन. एकूण चालीला एका रेघेच्या चालीने भागा: मन ÷ लसावि. आणि दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांचा लसावि गुणिले मसावि, हे पाढ्यांइतकंच जुनं पाठ आहे. उत्तर मसावि.

या युक्तिवादात एक फट राहू शकली असती: रेघ नेमकी आयताच्या कोपऱ्यात शिरली तर आल्या वाटेने परत फिरेल. पण आपण घराच्या कडेच्या मध्यावरून निघतो, आणि तिथून निघालेली तिरपी रेघ कोपऱ्यात कधीच पोचत नाही.

यातून निवडीचे दोन सोपे मार्ग निघतात. लागोपाठच्या दोन संख्या घेतल्या (५ × ६, ८ × ९) तर मसावि नेहमी १. दोन लागोपाठच्या विषम संख्या घेतल्या (५ × ७, ७ × ९) तरीही १, कारण दोघींना भागणारी संख्या त्यांच्यातल्या २ च्या फरकालाही भागणार, आणि विषम संख्येला २ ने भाग जात नाही. दिवाळीत मध्ये पणती ठेवायची असेल तर दुसरा मार्ग घ्या. ५ × ७ मध्ये बरोबर मध्यावर ठिपका येतो, त्याच्याभोवती रेघांचं घर असतं आणि पणती त्यात बसते. ४ × ५ चा मध्य दोन ठिपक्यांमधल्या छेदावर पडतो. तिथे पणती ठेवली की रांगोळीचा सर्वांत देखणा छेद झाकला जातो, वर तेल सांडलं तर गेलाच.

‘हात न उचलता काढलेली’ आणि ‘एका रेघेची’ या दोन गोष्टी एक नव्हेत. छेदाच्या जागी वळायची मुभा घेतली तर ३ × ३ सुद्धा हात न उचलता काढता येते, कारण प्रत्येक छेदाशी चार वाटा मिळतात आणि जिथे प्रत्येक ठिकाणी सम वाटा असतात तिथे हे जमतंच. गणितज्ञ ऑयलरने १७३६ साली क्योनिग्जबर्ग शहरातल्या सात पुलांवरून मांडलेली हीच गोष्ट. पण तशी काढलेली रेघ डोळ्याला एकसंध वाटत नाही. छेदात नजर सरळ जाते, हात वळलेला असतो.

चौरस हवा असेल तर: भिंती

चौरस हा सर्वांचा आवडता आकार आणि मसाविच्या दृष्टीने सर्वांत वाईट. न × न ला न रेघा. त्या जोडायला काही छेद मोडावे लागतात.

छेद मोडायचे प्रकार दोन. फटीत अदृश्य भिंत आहे असं समजा: दोन्ही बाजूंनी आलेल्या रेघा तिला आपटून आपापल्या ठिपक्याकडे परत फिरतात. डावीकडच्या-उजवीकडच्या ठिपक्यांमध्ये भिंत आली की रेघा पाठीला पाठ लावलेल्या कंसांसारख्या दिसतात: )( . दुसरा प्रकार पुलाचा. दोन ठिपके आडव्या पुलाने जोडले आहेत असं समजा, रेघा पुलाच्या वरून आणि खालून निघून जातात आणि दोन्ही ठिपके एकाच पाकिटात येतात. भिंत किंवा पूल प्रत्यक्ष काढायचा नसतो, फक्त रेघ कशी वळते ते त्यावरून ठरतं.

कुठला छेद मोडायचा? वहीत प्रत्येक रेघ वेगळ्या रंगाच्या स्केचपेनने काढा. जिथे दोन वेगळे रंग छेदतात तिथे भिंत घाला किंवा पूल घाला, दोन रेघांची एक होणारच. एका मोडीने संख्या फार तर एकाने घटते, म्हणून न × न साठी किमान न − १ मोडी लागतात. दर मोडीनंतर जोडलेल्या रेघेला एकच रंग द्यायला विसरू नका. गडबड इथेच होते: जुन्या रंगांवर विसंबून तिसरी भिंत घातली जाते, पण तोवर ते दोन रंग एकाच रेघेचे झालेले असतात.

एकाच रेघेचा स्वतःशी असलेला छेद मोडायचा तर आधी रेघेवर चालण्याच्या दिशेने बाण काढा. भिंत घातल्यावर वळणाशी बाण एकामागून एक सुरळीत वाहत असतील तर रेघेचे दोन तुकडे होणार. बाण समोरासमोर भिडत असतील तर रेघ एकच राहणार, फक्त तिचा काही भाग उलट्या दिशेने चालला जाईल. भिंतीने तुकडे होत असतील तर त्याच जागी पूल घाला. दोहोंपैकी एक तुकडे करतो, दुसरा करत नाही.

आता ३ × ३ चा तयार नमुना. हा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ६ × ६ चौकटींत नऊ ठिपके मांडा आणि चार भिंती घाला:

– खालच्या ओळीत, डावीकडून पहिल्या आणि दुसऱ्या ठिपक्यामध्ये
– उजव्या उभ्या ओळीत, खालून पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये
– वरच्या ओळीत, उजवीकडून पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये
– डाव्या उभ्या ओळीत, वरून पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये

खा१ पासून उजवीकडे वर निघा. लगेच पहिली भिंत लागते. डावीकडे वर वळा, डा२ ला कडेवर आपटा, उजवीकडे वर या, डाव्या ओळीतली भिंत लागते. तिथून रेघ उजवीकडे खाली लांब उतरत खा३ ला पोचते आणि वळून उ१ ला येते. नऊ चौकटींचे नऊ कर्ण झाले. आता वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरी फिरवा. उ१ आता खा१ च्या जागी आला, भिंतीही जागच्या जागी दिसतात, आणि तेच नऊ तुकडे पुन्हा. चार वेळा केलं की ३६ चौकटी भरतात आणि रेघ सुरुवातीला मिळते. तीन रेघांची एक झाली.

हा नमुना पाव फेरीने स्वतःशी जुळतो, पण आरशात धरला तर जुळत नाही. स्वस्तिकाचंही तसंच असतं. भिंतींची एक बाजू चुकून उलटी घेतली, म्हणजे तीन काट्याच्या दिशेच्या आणि एक विरुद्ध, तर रांगोळी कुठेतरी कललेली वाटते आणि कारण सापडत नाही. भिंतीच्या चारही जागा आधी छोट्या खुणांनी दाखवा, मगच रेघ धरा.

मसाविचा नियम फक्त पूर्ण आयताचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. पायऱ्यांच्या शंकरपाळ्यासारख्या मांडणीला तो लागू होत नाही. १-३-१ अशा पाच ठिपक्यांना एकच रेघ पुरते. १-३-५-३-१ अशा तेरा ठिपक्यांना मात्र तीन लागतात: एक मोठी, उभ्या-आडव्या टोकांना जाणारी, आणि दोन लहान, एकमेकींना तिरप्या. त्यांची एक करायला दोन भिंती पुरेत. खालून दुसऱ्या, तीन ठिपक्यांच्या ओळीतल्या दोन्ही फटींत त्या घाला. अशाने डावी-उजवी बाजूही सारखीच राहते. इतर कुठल्याही आकारासाठी सूत्र शोधत बसू नका, स्केचपेनं घ्या आणि मोजा.

रांगोळीकडे असं बघणं काही आजचं नाही. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी १९७४ साली कोलमच्या नक्षींसाठी व्याकरण मांडलं: भाषेत शब्दांवरून वाक्यं बनवायचे नियम असतात तसे थोड्या तुकड्यांवरून पूर्ण नक्षी बनवायचे नियम. संगणकशास्त्रात त्यावर पुढे बरंच काम झालं. अंगोलातले चोक्वे लोक वाळूत ठिपके मांडून त्यांच्याभोवती अशीच रेघ फिरवतात, तिला सोना म्हणतात. मोझांबिकचे गणितज्ञ पाउलुस खेर्देस यांनी सोना आणि कोलम दोन्हींचा अभ्यास करून त्यांना आरशांच्या वक्ररेषा म्हणून मांडलं. आपण ज्यांना भिंत आणि पूल म्हटलं, ते त्यांच्या मांडणीत दुतोंडी आरसे आहेत.

जमिनीवर

वहीतून जमिनीवर येताना बहुतेक घोटाळे ठिपक्यांतच होतात.

४ × ५ साठी ठिपक्यांमधलं अंतर ५ सेंमी ठेवा. चार ठिपक्यांत अंतरं तीन असतात, चार नव्हे; म्हणजे रुंदी १५ सेंमी आणि उंची २० सेंमी. सुखाची गोष्ट अशी की ३-४-५ चा काटकोन इथे आयता मिळतो: कोपऱ्याच्या ठिपक्यापासून समोरच्या कोपऱ्याच्या ठिपक्यापर्यंत बरोबर २५ सेंमी भरलं पाहिजे. दोन्ही कर्ण मोजा. एक २५.५ आणि दुसरा २४.५ आला तर मांडणी कलली आहे आणि रेघा कितीही जपून काढल्या तरी चौकटी शंकरपाळ्यासारख्या ताणलेल्या दिसणार. इतर मापांतही दोन्ही कर्ण सारखे येणं हीच खूण. फरशी असेल तर तिच्या सांध्याला समांतर पहिली ओळ मांडा, पण दाराचा उंबरठा सांध्याला समांतर आहे का ते आधी बघा. नसेल तर उंबरठ्याला मान द्या, येणाऱ्याच्या नजरेला तोच दिसतो.

तेच माप पुन्हा पुन्हा लागणार असेल तर ठिपक्यांचा कागद करून ठेवा. जाड कागदावर ठिपके आखा आणि पेटत्या उदबत्तीने भोकं पाडा. कडा जळून सफाईदार होतात, सुईच्या भोकासारख्या मिटत नाहीत. कागद जमिनीवर ठेवून कोपरे दाबा, वर पूड पसरून तळव्याने हलकेच फिरवा, उरलेली एका बाजूला ओढून घ्या आणि कागद सरळ वर उचला. तिरका उचलला की ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

पूड कोरडी हवी. शिरगोळ्याच्या पुडीला पावसाळ्यात ओल लागते, गुठळ्या होतात आणि रेघ मध्येच जाड, मध्येच तुटक पडते. उन्हात वाळवून बारीक चाळणीने चाळली की चिमटीतून सरळ वाहते. दमट हवेत तांदळाच्या पिठाचं यापेक्षाही लवकर बिनसतं. सारवलेली किंवा सडा घातलेली जमीन रेघ धरून ठेवते. गुळगुळीत फरशीवर पूड घरंगळते, तिथे गेरूचा हात देऊन पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या गेरूवर पांढरी रेघ तांबूस पडते.

चिमूट अंगठा आणि तर्जनीची, हात जमिनीपासून दोन-तीन सेंमी वर. खूप वरून सोडली तर रेघ पसरते, अगदी टेकवून काढली तर बोटाने पुसली जाते. ५ सेंमी अंतरावर दोन समांतर तिरप्या रेघांमध्ये साडेतीन सेंमी जागा राहते. ३ सेंमी अंतर घेतलं तर तीच जागा २.१ सेंमी होते आणि हाताच्या साधारण रेघेला अडचण व्हायला लागते, त्यामुळे नवशिक्यांनी ५ च्या खाली जाऊ नये.

वहीतली टोकदार वळणं जमिनीवर गोल करायची. आतल्या ठिपक्यांभोवती रेघा तिरप्याच ठेवा. कडेच्या ठिपक्याला अर्धगोल वळसा आणि कोपऱ्याच्या ठिपक्याला पाऊण गोलाचा द्या, कारण कोपऱ्याच्या घराला दोन कडा असतात आणि तिथे दोन वळणं लागोपाठ येतात. सगळे अर्धगोल एकाच मापाचे हवेत. नजर छेदांपेक्षा कडेच्या गोलाईवर आधी जाते.

चिमूट संपणारच. ४ × ५ ची रेघ लांबीला सुमारे २८३ सेंमी भरते (२.८३ गुणिले ठिपके गुणिले अंतर), आणि ८ × ९ ची तर दहा मीटरच्या वर. नवी चिमूट घ्यायला थांबायचं ते सरळ तिरप्या तुकड्यात, छेद आणि वळण यांच्यापासून दूर. छेदावर थांबलं तर तिथे तीन थर बसून गाठ दिसते. वळणावर थांबलं तर गोलाई मोडते. दुसरी रेघ पहिलीला ओलांडते तिथे ‘वरून-खालून’ विणल्याचा आभास करायच्या फंदात पुडीने पडू नये. खडूने किंवा रंगाने तो जमतो, पुडीत नुसता डाग होतो.

आणि बसायची जागा आधी ठरवा. ४ × ५ पर्यंत एका जागेवरून हात पोचतो. त्यापुढे रेघेच्या मागे फिरावं लागतं आणि पदराने किंवा ओढणीने कडेचे ठिपके पुसले जातात. मोठ्या मांडणीत रेघेच्या क्रमाने न जाता जवळच्या भागातले सगळे तुकडे आधी काढून मागे सरकत आलात तरी नक्षी तीच येते. वहीतला कागद शेजारी हवा, इतकंच.

‘११ ते ६’ म्हणजे काय

ठिपके जोडायच्या रांगोळीत पुस्तकातली ही नोंद अनेकांना फसवते. मधली ओळ ११ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली १०, ९, ८, ७, ६. पुढच्या ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या फटींवर, मध्ये-मध्ये येतात. शेवटची ओळ मधल्या ओळीच्या संख्येत एक मिळवून निम्मी केली की येते: (११ + १) ÷ २ = ६. तसंच ७ ते ४, १५ ते ८. हे जुळलं तर बाहेरची आकृती समभुज षट्कोन होते, आणि शेवटच्या ओळीत न ठिपके असतील तर एकूण ठिपके ३न(न − १) + १. ७ ते ४ चे ३७, ११ ते ६ चे ९१, १५ ते ८ चे १६९. मांडून झाल्यावर ओळींची बेरीज करून बघा. ठिपका कमी पडला असेल तर तो बहुधा मधल्या ओळीच्या लगतच्या ओळीत असतो.

याउलट मधल्या ७ च्या वर आणि खाली ५-३-१ अशी दोन-दोनने उतरणारी मांडणी सरळ ठिपक्यांची, खाली-वर एकाखाली एक. तिचे ठिपके २५. मध्ये-मध्ये आणि सरळ यांची गल्लत केली तर नक्षी कुठेच बसत नाही.

मध्ये-मध्येच्या मांडणीत ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराइतकं नसतं. ठिपके ५ सेंमीवर असतील तर ओळी ४.३ सेंमीवर हव्यात (०.८६६ पट). ओळीही ५ सेंमीवर घेतल्या की सहा पाकळ्यांच्या फुलात आडव्या दोन पाकळ्या आखूड आणि तिरप्या चार लांबट होतात. ठिपक्यांच्या कागदावर हे एकदाच नीट मापून घ्या.

सहा पाकळ्या इथे फुकट मिळतात, कारण प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी समान अंतरावर असतात. सरळ ठिपक्यांत चार आणि आठ मिळतात. पाच कुठेच मिळत नाहीत. जास्वंदीचं फूल ठिपक्यांच्या जाळीत कधीच बरोबर बसत नाही ते यामुळे. समजा, एखाद्या जाळीत मध्यावरच्या ठिपक्याभोवती सर्वांत जवळचे पाच ठिपके ७२ अंशांवर आहेत. त्यांच्यापैकी एकाकडे जाणारं पाऊल टाका आणि तिथून १४४ अंशांवरच्या दुसऱ्याच्या दिशेने तेवढंच पाऊल टाका. जाळीत अशी पावलं नेहमी ठिपक्यावरच पडली पाहिजेत. पण तुम्ही पोचता मध्यापासून ०.६१८ पट अंतरावर, म्हणजे ‘सर्वांत जवळच्या’ ठिपक्यांपेक्षाही जवळ. म्हणून अशी जाळी नसते.

जास्वंद हवीच असेल तर ठिपके सोडा, दोरीने वर्तुळ काढा आणि ७२-७२ अंशांवर पाच खुणा करा. कोनमापक नसेल तर वर्तुळाच्या त्रिज्येच्या १.१८ पट दोरी घेऊन कडेवर पाच वेळा टाका. पाचव्या वेळी दोरी पहिल्या खुणेच्या किंचित पुढे गेली, तर दोरी चिमूटभर आखूड करून पुन्हा मोजा.